नाण्यावरची ‘जर्ब’ आणि आमची मुले

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतील नववी-दहावीची मुले घेऊन एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. सहलीचे म्हणून जे असते ते सगळे तिथेही होते. तलवारींपुढे मुलांची गर्दी, तोफेजवळ ढकलाढकली, आणि ‘हात लावू नका’ असे दर दोन मिनिटांनी सांगणारा पहारेकरी. नाण्यांच्या दालनात मात्र कुणीच थांबत नव्हते. तिथे आमचा एक विद्यार्थी काचेला नाक लावून उभा राहिला. इतिहासात तो जेमतेम पास होणारा. त्याने आम्हाला हाक मारली, “सर, सिक्के पे जरब कायकू लिखे?”

उर्दू माध्यमात गणित शिकलेल्यांना या प्रश्नातली गंमत कळेल. आमच्याकडे बेरजेला जमा, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब आणि भागाकाराला तकसीम म्हणतात. नाण्यावर गुणाकार कशाला, असे त्या मुलाला वाटले. तेवढ्यात दुसरी एक मुलगी पुढे आली. तिने अक्षरे जुळवत वाचले, “शाह आलम”. मग काचपेटीतली चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर मराठीत लिहिले होते, ‘मराठाकालीन रुपया’. ती म्हणाली, “सर, चिठ्ठी चुकलीय. यावर तर बादशाहाचे नाव आहे.”

शेजारी एका मराठी शाळेची मुले उभी होती. त्यांच्यातल्या एकाने आमच्या विद्यार्थ्याला विचारले, “तुला हे वाचता येतं?” आमच्या मुलाने मान डोलावली. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या पोराच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटले, ते आम्ही आजवर विसरलेलो नाही. पण खरे सांगायचे तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. बी.एड. झालेलो, इतिहास शिकवणारे आम्ही “नंतर सांगतो” म्हणून पुढच्या दालनात गेलो. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर आहे.

परत आल्यावर आम्ही ही हकिकत शिक्षकांच्या खोलीत सांगितली. एक सहकारी खुशीत म्हणाले, “बघा, मराठ्यांच्या रुपयावरही नाव आपल्याच बादशाहाचे!” दुसरीकडे आमच्या ओळखीच्या एका मराठी शिक्षकमित्राने ठामपणे सांगितले की ते नाणे मोगलांचेच असणार, संग्रहालयाने चुकीच्या खणात ठेवले असेल. दोघेही सज्जन. पण दोघांनीही नाण्याला विचारले नव्हते. इतिहासाची बाजू दोघांनीही आधीच ठरवून ठेवली होती.

नाण्याला विचारले तर ते काय सांगते?

‘जर्ब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ठोकणे, प्रहार करणे. टांकसाळीत चांदीच्या चकतीवर ठसा ठेवून हातोडा मारीत, म्हणून नाण्यावर ‘जर्ब’ आणि पुढे टांकसाळीच्या गावाचे नाव. मराठीत ‘जरब बसणे’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. म्हणजे एकाच शब्दाने उर्दू शाळेत गुणाकार शिकवला, मराठी घरात पोरांना धाक घातला आणि टांकसाळीत रुपया पाडला. नाण्यावर ‘जुलूस’ हा शब्दही असतो. आमच्या मुलांनी त्याचा अर्थ लगेच सांगितला, मिरवणूक! पण नाण्यावरचा जुलूस म्हणजे तख्तनशिनी, बादशाह गादीवर बसल्याचे वर्ष. लिपी येते म्हणून भाषा येतेच असे नाही, हा धडा आमच्या मुलांना आणि आम्हालाही त्या एका शब्दाने दिला.

आता चिठ्ठीचा प्रश्न. चिठ्ठी चुकलेली नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. तिच्यावर देवनागरीत एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. पण अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता उत्तरेपर्यंत पसरली, तेव्हा त्यांच्या अनेक टांकसाळींतून निघणाऱ्या चांदीच्या रुपयावर फारसी मजकूर आणि मोगल बादशाहाचे नाव राहिले. पुण्याचा अंकुशी रुपया असाच. अंकुशाची खूण पेशव्यांच्या टांकसाळीची, मजकूर फारसी.

आणि हा बादशाह तरी कोण? दुसरा शाह आलम. १७५९ मध्ये त्याने स्वतःला बादशाह म्हणवून घेतले, पण दिल्लीत पाऊल ठेवायला १७७२ साल उजाडले, तेही मराठ्यांच्या फौजेच्या बळावर. १७८८ मध्ये गुलाम कादिरने लाल किल्ल्यात त्याचे डोळे काढले. त्याला सोडवले महादजी शिंद्यांच्या फौजेने. १८०३ मध्ये इंग्रजांनी दिल्ली घेतली आणि आंधळा बादशाह त्यांच्या पेन्शनीवर जगू लागला. १८०६ मध्ये तो वारला. ज्याचा हुकूम दिल्लीच्या तटाबाहेर चालत नव्हता, त्याचे नाव मात्र देशभर खणखणत होते. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा त्याच्याच नावाने रुपये पाडत होती. १८३५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा मुखवटा असलेला एकसारखा रुपया आला, तेव्हा कुठे ही रीत मोडली.

असे का? कारण रुपया चालतो तो सराफाच्या विश्वासावर. सराफाने जे नाव पिढ्यान्‌पिढ्या पारखले, ते बदलले तर तो बट्टा कापतो, नुकसान होते. शिवाय १७१९ मध्ये शाहू महाराजांनी चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहूनच घेतल्या होत्या. त्या नावाला कायद्याची किंमत होती. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांचा अभिमान फोल ठरला आणि शिक्षकमित्राचा संशयही. नाणे मराठ्यांचे होते, नाव मोगल बादशाहाचे होते, आणि त्या दोन्हीत त्या काळच्या माणसाला काहीच विसंगत वाटत नव्हते. विसंगती आमच्या डोळ्यांत होती.

हे उत्तर आम्हाला पाठ्यपुस्तकाने दिले नाही, एका वस्तूने शोधायला लावले. बी.एड.च्या वर्षात आम्ही शैक्षणिक साधनांवर पानेच्या पाने लिहिली. तक्ते रंगवले, नकाशे काढले, पुठ्ठ्याचा किल्ला केला. पाठ टाचणात ‘साधने’ म्हणून एक रकानाच असतो. पण त्या रकान्यात खरी वस्तू क्वचितच आली. साधन म्हणजे आधीच सांगायचे ठरलेले सोपे करून दाखवायची सोय, अशीच आमची समजूत होती. वस्तूच प्रश्न विचारू शकते, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

जगात मात्र हा विचार नवा नाही. ऑक्सफर्डचे ॲशमोलियन हे संग्रहालय १६८३ मध्ये उघडले ते विद्यापीठाचा भाग म्हणूनच. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कलेतिहासाचे प्राध्यापक ज्यूल्स प्राउन यांनी १९८२ मध्ये वस्तू वाचण्याची एक पद्धत मांडली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. आधी वर्णन : वस्तू कशाची, केवढी, किती वजनाची, तिच्यावर काय आहे, फक्त दिसते तेवढेच. मग अनुमान : ती हातात घेणाऱ्याला काय करावे लागत असेल, ती कुठे झिजली आहे. शेवटी तर्क, म्हणजे प्रश्न मांडणे आणि त्यांची उत्तरे शोधायला कागदपत्रांकडे, इतर वस्तूंकडे जाणे. आपल्याकडे विद्यार्थी आधी चिठ्ठी वाचतो आणि मग वस्तूकडे बघतो. खरे तर चिठ्ठी शेवटी वाचायला हवी.

आपल्या महाराष्ट्रातही ही परंपरा नाही असे नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला कागदपत्रांचा आणि चित्रांचा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. त्याच वर्षी तिथे पदव्युत्तर संशोधन संस्था सुरू झाली. म्हणजे संग्रह आणि अध्यापन एकाच छताखाली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही कागद जमवणारे आणि कागद वाचणारे एकत्र बसत.

‘नाणे वाचणारी’ ती मुलगी पुढे कला शाखेला गेली आणि इतिहास घेऊन बी.ए.ला बसली. घरून विरोध होता. “इतिहास शिकून काय मिळणार? डी.एड. कर,” असे तिचे अब्बा म्हणत होते. तिच्या प्राध्यापिकेने प्रकल्पासाठी वर्गाला जवळच्या संग्रहालयात नेले आणि अभिरक्षकांच्या परवानगीने नाण्यांचा एक खण टेबलावर मांडून घेतला. हातमोजे घालून एकेक नाणे उचलायचे, तोलायचे, कागदावर काढायचे. चिठ्ठ्या उलट्या करून ठेवलेल्या.

तिने आम्हाला येऊन जे सांगितले ते आम्हाला फार मोलाचे वाटते. ठसा मोठा असे आणि चकती लहान. त्यामुळे एकाही नाण्यावर पूर्ण मजकूर उमटत नाही. एकावर ‘शाह’ आणि ‘आलम’चा अलिफ, दुसऱ्यावर फक्त ‘लम’, तिसऱ्यावर गावाचे अर्धे नाव. तिने एकाच घडणीच्या अकरा नाण्यांची चित्रे काढली, एकावर एक ठेवली, तेव्हा मजकूर पुरा झाला. वर्गातल्या मराठी माध्यमाच्या मुलींना अक्षरे येत नव्हती, पण वजने, खुणा, ठशातला फरक त्यांनी टिपला. ही अक्षरे वाचत होती, त्या मोजत होत्या. “सर, एकटीने झाले नसते,” ती म्हणाली.

त्याच खणात एक रुपया असा होता की त्यावर जुलूसचे वर्ष १९. तिने हिशेब करून १७७७-७८ च्या सुमाराचे साल काढले. प्राध्यापिकेने तिला नाण्याची कड बघायला सांगितली. कड यंत्राने केलेली, एकसारखी. तो कंपनीचा बंगालमधला सिक्का रुपया होता. जुने नाणे म्हणून सराफाने बट्टा कापू नये यासाठी कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षे एकच ‘सन १९’ छापत ठेवले होते. लिहिलेली तारीख खोटी आणि न लिहिलेली कड खरी! पुस्तकातली ओळ वाचून परीक्षा देणाऱ्या मुलांना हा अनुभव कुठल्या व्याख्यानातून मिळणार?

दुसरी वस्तू कागदाची. मराठ्यांच्या काळातले पत्र उघडले की आधी तारीख येते, आणि ती अनेकदा शुहूर सनात असते. ही कालगणना महंमद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमारास, दख्खनेत सुरू झाली असे मानतात. तिचे आकडे अरबी शब्दांत लिहितात आणि लिपी मोडी. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर आणि हजार : १०७५. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, पुढच्या मृगापर्यंत ६००. १०७५ मध्ये ५९९ मिळवले की १६७४ येते, राज्याभिषेकाचे साल. आणि हे वर्ष सुरू होते मृग नक्षत्राला, म्हणूनच त्याला मृगसाल असेही म्हणत. हिजरी सन चांद्र असल्याने पिकाच्या हंगामाशी जुळत नाही. वसुली तर पिकावर होते. म्हणून आकडे अरबी ठेवले आणि सुरुवात पावसाला बांधली.

आमच्या शाळेत अरबी विषय घेतलेल्या मुलांना आम्ही ‘खमस’, ‘अर्बा’, ‘सलास’ हे शब्द फळ्यावर लिहून दिले, तेव्हा त्यांनी अर्थ झटकन सांगितले. मग सांगितले की हे शब्द मराठ्यांच्या दफ्तरात आहेत. क्षणभर वर्ग शांत झाला. पुढे एका मुलाने विचारले, “मग मोडी कोण शिकवतं?” त्याला हे विचारावेसे वाटले, यातच आम्हाला आनंद आहे. त्या कागदांच्या खाली पाटलाची सही म्हणून नांगर काढलेला असतो, शेट्याची सही म्हणून तराजू, आणि काझीचा शिक्का फारसीत. एका कागदावर एक गाव बसलेले असते.

तिसरी वस्तू आम्हाला अडचणीत आणणारी, म्हणून मुद्दाम सांगतो. आमच्या समाजात बिदरी कामाचा मोठा अभिमान. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेले भांडे, त्यावर कोरीव नक्षी, नक्षीत चांदी, मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून काळे केलेले. चांदी तेवढी पांढरी राहते. ही कला बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात आणली, असे आम्ही वर्गात बिनदिक्कत सांगत आलो. मग संग्रहालयातला बिदरी हुक्का नीट पाहिला. हुक्क्याला तंबाखू हवी. तंबाखू अमेरिकेतली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांनी दख्खनेत आली. अकबराचा दूत असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून ती आग्र्याला घेऊन गेला, तेव्हा दरबारात ती नवलाची चीज होती. मग हुक्का बहामनी काळचा कसा असेल? आज माहीत असलेले बिदरीचे जुने नमुने साधारणतः सतराव्या शतकाच्या अलीकडचेच आहेत. कला त्याआधीची असूही शकेल, पण ते सिद्ध करायला वस्तू हवी, अभिमान पुरत नाही. दुसऱ्याच्या दंतकथेवर बोट ठेवायचे असेल तर आपल्या दंतकथेवरही ठेवावे लागते.

वाचकहो, इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फारसी अक्षरे वाचता येणे ही आमच्या मुलांची मालमत्ता नाही. गणेश हरी खरे यांनी फारसी शिकून ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड सिद्ध केले. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. आणि नागपूरला, जिथे पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आहे, तिथे डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी आयुष्यभर देशभरातले लेख वाचून प्रसिद्ध केले. त्यात मशिदीचे लेख होते तसे विहिरींचे आणि सरायांचेही होते. लिपी त्याचीच जो तिच्यासाठी कष्ट करतो.

पण आमच्या मुलांना घरातूनच अर्धी वाट चालून मिळालेली असते, हेही खरे. ती मुले दहावीनंतर महाविद्यालयात जातात, तेव्हा त्यांना वाटते की आपण शिकलेली लिपी आता कामाची नाही. मराठी कच्ची, इंग्रजी त्याहून कच्ची. इतिहासाचा तास म्हणजे मान खाली घालून बसायचा तास. त्याच मुलांपुढे प्राध्यापकांनी एक रुपया, एक मोडी कागद, एका दर्ग्याच्या शिलालेखाचा ठसा ठेवला, तर वर्गातली जागा बदलते. ज्याच्याविषयी बोलले जात होते, तो वाचून दाखवू लागतो. संशोधनालाही अशाच हातांची गरज आहे. मोडी आणि फारसी दोन्ही वाचणारा माणूस सहजासहजी सापडत नाही, हे दफ्तरात काम करणारा कुणीही सांगेल.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधून संग्रहालय गावोगावी नेले. तेवढे आपल्याला जमणार नाही, पण जिल्ह्याच्या संग्रहालयाला आगाऊ पत्र पाठवून, वीस मुलांऐवजी पाच मुले नेऊन, दहा दालनांऐवजी एकाच काचपेटीपुढे दोन तास बसता येते. शिक्षकाने त्या दोन तासांत कमी बोलावे. आणि आयाबहिणींना एक विनंती. घरात दादी-नानीच्या पेटीत जुनी नाणी, पानदान, तांब्याचा बधना, जुना निकाहनामा असेल तर तो भंगारात देऊ नका. नाण्याला चिंच-मीठ किंवा राख लावून घासू नका. त्या काळ्या थराखालीच अक्षरे शाबूत असतात, चकाकी आली की ती जातात.

त्या मुलीने पुढे एम.ए.ला इतिहासच घेतला. आता ती मोडी शिकते आहे. तिचे अब्बा अजून पुरते राजी नाहीत, पण मागच्या ईदला त्यांनी आम्हाला घरी बोलावले आणि कपाटातून रुमालात बांधलेला एक रुपया काढून पुढे ठेवला. त्यांच्या आजोबांचा. “सर, जरा बघा, यावर काय लिहिलंय?” आम्ही रुपया हातात घेतला, पण वाचला नाही. आतल्या खोलीत त्यांची मुलगी होती. आम्ही म्हटले, “तिला बोलवा. ती आमच्यापेक्षा बरे वाचते.”